आभाळाचं झाकण

"काय गं, आज छत्री घेऊ का?"

ताई जिना उतरायला लागली की खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून हटकून विचारायच्या. ताई म्हणायची, "मला काय माहीत काकू?" मग काकू आत वळून नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "हवेवर पीएच.डी. करतेय म्हणे, आणि पावसाचं सांगता येईना!" एकदा ताईनं वैतागून ठणकावून सांगितलं, "नका घेऊ छत्री." त्या दिवशी काकू अशा काही भिजल्या की आठवडाभर सगळा जिना त्यांच्या शिंकांनी दणाणत होता. तेव्हापासून ताईनं कानाला खडा लावला.

धाकटीला हे आठवलं की अजून हसू फुटतं. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. आता ती स्वतः आजी झालीय, गुडघे कुरकुरतात, पण तिला धाकटीच म्हणतात. दोघी बहिणी एकत्र बसल्या की गप्पा कुठूनही सुरू होवोत, फिरून फिरून त्या दोन खोल्यांत येऊन टेकतातच. काय होतं हो तिथं? तिसरा मजला, पाण्याची बोंब, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. आणि तरी धाकटीला विचाराल तर ती म्हणेल, तसे दिवस परत आले नाहीत.

त्या दोन खोल्यांत तीन बायका राहायच्या. ताईनं संशोधनाला नाव नोंदवलं आणि त्याच वर्षी वडील गेले. आई हॉस्पिटलात नर्स होती. मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर चार शब्द ऐकवणारी बाई. ती म्हणायची, "घरात एक डॉक्टर असावी असं फार मनात होतं माझ्या. झाली, पण हवेची झाली. हिच्याकडे पेशंट म्हणून कोण येणार, ढग?" बोलायची अशी, पण ड्यूटीवरून येताना ताईसाठी पेन्सिली आणायची, आणि त्याही तिला हव्या त्याच, मऊ शिशाच्या.

ताईचं काम काय, ते धाकटीला पूर्ण कधीच कळलं नाही, पण गोष्टीपुरतं कळलं होतं. वारा डोंगराला येऊन भिडला की वर उचलला जातो. पलीकडे गेला की खाली घसरतो, मग पुन्हा वर जातो. म्हणजे हवेतही लाटा उठतात, फक्त त्या दिसत नाहीत. त्यांची समीकरणं मांडायची, आणि ती कागदावर सुटायला तयार नसतात म्हणून विद्यापीठातल्या कॉम्प्युटरला जुंपायचं. तो कॉम्प्युटर एक अख्खी थंडगार खोली अडवून बसला होता. आज प्रोग्रॅम द्यायचा, उद्या जाऊन उत्तर आणायचं. उत्तर म्हणजे कडेला भोकं असलेला लांबच लांब घडीचा कागद, आणि त्यावर मुंग्यांसारखे आकडे. ताईनं डोंगर कधी चढलाच नाही. खुर्चीवर बसून, पेन्सिल चावत चावत तिनं वाऱ्याला हजार वेळा डोंगरावरून नेलं.

रविवारी जेवणं झाली की दोघी ते कागद जमिनीवर पसरायच्या. मग धाकटीचं काम सुरू. सारखे आकडे शोधायचे आणि त्यांतून रेघ ओढायची. जोराच्या वाऱ्याला लाल, मंद वाऱ्याला निळी. आकड्यांच्या त्या गिचमिडीतून हळूहळू डोंगराच्या पाठीमागे लाटा उभ्या राहायच्या, एकीमागे एक, आणि धाकटी पोटावर पालथी पडून पाहतच राहायची. आई डोक्याशी उभी राहून ओरडायची, "उचला गं तुमचं वादळ, मला केर काढायचाय!"

धाकटी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती, त्यामुळे प्रबंध टाइप करायचं काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. मशीनवर गणिताच्या खुणा कुठून असणार? तेवढी जागा कोरी सोडायची आणि ताईनं नंतर शाईनं भरायची. खाली कार्बन घातलेल्या प्रती. एक अक्षर चुकलं की सगळ्या प्रतींवर एकेक करून खोडायचं. धाकटी कधी कधी वैतागून म्हणायची, "तुझ्या वाऱ्याला सांग, जरा सोप्या शब्दांत वाहा म्हणावं." पण खरं सांगायचं तर तिला ते काम आवडायचं. वकिलाच्या दाव्यांत नुसती भांडणं असायची. इथं निदान कुणी कुणाला कोर्टात खेचत नव्हतं.

आता सरांबद्दल सांगायला हवं, कारण सरांशिवाय ही गोष्टच नाही.

सर म्हणजे ताईचे गाइड. किरकोळ अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशापाशी शाईचा कायमचा डाग. आवाज कधी चढवला नाही. त्यांचं रागावणं म्हणजे नुसतं "बरं" म्हणणं, आणि त्या एका "बरं"नं भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. वडील गेल्यावर घरात पाहुण्यांची वर्दळ होती, ताईला कागद पसरायला हातभर जागा नव्हती. सरांना हे कुणी सांगितलं देव जाणे. त्यांनी आपल्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मी सकाळी वर्गात असतो. खोली रिकामीच असते." सरांच्या डब्यात त्या दिवसापासून चार घास जास्त यायला लागले. ते सरांच्या बायकोचं काम. ताई वडिलांसाठी रडली नाही इतकी त्या डब्यासाठी रडली.

या सरांच्या नावावर आयुष्यात एकच मोठी गोष्ट होती. तरुणपणी त्यांनी गणितानं दाखवून दिलं होतं की डोंगराच्या पलीकडे ठरावीक अंतरावर वारा एकाएकी उसळतो, भलताच जोर धरतो. विभागात सगळे त्याला "सरांची लाट" म्हणायचे. लांबलांबच्या देशांतले लोक आपल्या निबंधांत सरांचं नाव घालायचे. एरवी सर म्हणजे वर्ग घेणारा, पेपर तपासणारा, बसच्या रांगेत उभा राहणारा साधा माणूस. पण कुणी त्या लाटेबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं. ताईचा प्रबंध त्या लाटेवरच उभा होता. सरांनी एक डोंगर घेतला होता, ताईनं एकामागे एक असे दोन घेतले.

प्रबंध जवळजवळ टाइप होऊन झाला होता. वर्षअखेरीला सर रिटायर होणार होते, आणि नियम असा की गाइड रिटायर झाला की त्याची सही चालत नाही. म्हणजे त्याआधी सगळं आटपायला हवं होतं. आटपणारच होतं. तेवढ्यात ताईला अवदसा आठवली.

विद्यापीठात नवा, मोठा कॉम्प्युटर आला होता. ताई म्हणाली, एक तक्ता वाढवू, प्रबंध जरा भरीव दिसेल. हिशेबात हवा कुठंतरी वर संपवावीच लागते, कारण कॉम्प्युटरला अंत नसलेलं आभाळ समजत नाही. म्हणून एका उंचीवर झाकण लावायचं आणि पुढे जायचं. सरांच्या वेळी मशीन लहान, झाकण खाली. सगळेच तसं करायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ताईनं नव्या मशीनवर ते झाकण थोडं वर सरकवलं, एवढंच.

त्या रविवारी धाकटी रेघा ओढत होती. लाल रेघ नेहमीच्या जागी येईना. ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय गं," आणि खोडरबर उचललं.

"थांब," ताई म्हणाली. "पुसू नकोस."

लाट जागेवरून हलली होती. ताईला वाटलं, आकडे भरताना घोळ झाला. पुन्हा करून आणलं, पुन्हा हललेली. झाकण आणखी वर नेलं, तर लाट आणखी सरकली आणि मवाळही झाली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटी घाबरली. म्हणाली, "अगं झालं काय, सांगशील का नाही?"

ताई तिला हाताला धरून मोरीत घेऊन गेली. भरलेल्या बादलीत बोट बुडवलं. लाट उठली, काठाला गेली, आपटून परत आली.

"परत का आली?"

"काठ आहे म्हणून," धाकटी म्हणाली.

"आणि समुद्राच्या मधोमध बोट बुडवलं असतं तर?"

"तर कशाला येतेय परत?"

"मग आभाळाला काठ असतो का गं?" एवढं म्हणून ताई तिथंच, ओल्या फरशीवर मटकन खाली बसली.

धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. सरांची लाट डोंगरानं उठवलेली नव्हतीच. वर गेलेला वारा त्या कागदी झाकणावर आपटून खाली येत होता, आणि त्याच्याच जोरानं ती उसळी उठत होती. खऱ्या आभाळात झाकण नाही, म्हणून सरांची ती लाटही नाही. इतकी वर्षं झाली, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"म्हणजे मी सगळं परत टाइप करायचं?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. आजही ते आठवलं की तिला लाज वाटते, आणि ताई मात्र पोट धरून हसते.

आईला कळलं तेव्हा तिनं सरळ निकाल दिला. "गप्प बसायचं. अक्षर बोलायचं नाही. त्या माणसानं तुला पोटच्या पोरीसारखं वागवलं. आता घरी बसायच्या वेळेला त्याला सांगणार, की बाबा रे, तू जन्मभर सांभाळलंस ते खोटं होतं? आधी सही घे, डिग्री घे, मग काय उकरायचं ते उकर."

"आई, खोटं आहे हे माहीत असताना मी त्यांची सही कशी घेऊ?"

"आणि चिडून नाहीच केली सही, तर? सगळी वर्षं पाण्यात. मग काय करशील?"

धाकटीला मनातून आईचंच पटत होतं. त्यानंतर किती दिवस ताईनं ताटात नुसतं चिवडलं. शेवटी एका संध्याकाळी ती धाकटीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमायचं."

सरांच्या घरी बाहेरच्या खोलीत पुस्तकं, वेताच्या खुर्च्या, स्वच्छ पडदे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चहा आणला. ताईनं कागद पसरले आणि सांगायला सुरुवात केली. आवाज कापत होता, पण गणितात आली तसा स्थिर झाला. सर ऐकत होते. धाकटी त्यांच्या हाताकडे बघत होती. हात कपाकडे गेला, कपाच्या कानाला लागला, आणि तिथंच राहिला. चहावर साय धरली.

ताईनं नव्यानं लिहिलेलं प्रकरणही बरोबर आणलं होतं. तिनं ते कागदांवर ठेवलं.

"बरं," सर म्हणाले. "ठेवून जा."

काकू दारापर्यंत आल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, त्या आपल्या म्हणाल्या, "चहा तसाच राहिला गं तुझा." धाकटीला आठवतं, त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.

मग काहीच घडेना. सर विभागात यायचे बंद झाले. कुणी म्हणालं रजेवर आहेत, कुणी म्हणालं बरं नाहीये. ताई रोज जायची, बंद दाराकडे बघून परत यायची. किल्ली पर्समध्ये होती, पण ते कुलूप उघडायला तिचा हात धजेना. एकदा ती म्हणाली, "त्यांना काही झालं ना, तर ते माझ्यामुळे." आईनं तिला जवळ घेतलं नाही. ती तशी घेणारी नव्हतीच. तिनं तिच्यापुढे जेवण वाढलं आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

आणि एका रविवारी, जेवणं आटोपून भांडी घासायची चालली होती, दार वाजलं.

आईनं ओल्या हातानंच दार उघडलं. बाहेर सर. तीन मजले चढून आलेले, धापा टाकत, काखेत कागदांचं भेंडोळं. या घरात ते कधी आले नव्हते. आईला बाकी कुणापुढे शब्द सुचायचे थांबत नसत, पण त्या दिवशी ती नुसती "या, या" म्हणत पदराला हात पुसत राहिली. एकुलती एक धड खुर्ची होती, ती टाइपरायटरच्या टेबलापाशी. सर तिच्यावर बसले.

"मी स्वतः मांडून बघितलं," दम खाऊन ते म्हणाले. "झाकण काढून. मशीन नाही, हातानं. वेळ लागला, सवय राहिली नाही आता." मग ताईकडे बघून म्हणाले, "लाट उरत नाही."

"सॉरी सर," ताई म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

"तू कशाला सॉरी? आभाळाला झाकण मी लावलं होतं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? काही दिवस पेन हातात धरवेना. बायको म्हणाली, पोरगी तिकडे वाट बघत असेल. तेव्हा कुठं बसलो लिहायला." त्यांनी भेंडोळं सोडलं. त्यात ताईचं प्रकरण होतं, आणि प्रबंधाला जोडायच्या गाइडच्या दाखल्यावर त्यांची सही झालेली होती. आईनं ती लांबूनच पाहिली आणि तोंड फिरवून गॅस पेटवायला गेली.

ताईचं पुढे सगळं मार्गी लागलं. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, एका कॉलेजात तिनं जन्मभर गणित शिकवलं. मोठी शास्त्रज्ञ वगैरे काही झाली नाही. तिच्या प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या लायब्ररीत कुठल्याशा कपाटात असेल, फारशी कुणी हलवलीही नसेल. सर गेले, त्यांच्या घरच्या काकू गेल्या, मग आईही गेली. ती इमारत पाडून तिथं दुसरी झाली. धाकटीला या सगळ्याची हळहळ आहे, पण जीव तुटतो तो त्या दुपारसाठी. ती दुपार परत बघायला मिळाली तर ती काहीही द्यायला तयार आहे.

कारण सही दाखवून सर उठले नाहीत. त्यांनी प्रकरणातलं एक पान वर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? 'पूर्वीच्या काही अभ्यासांत अशी लाट आढळल्याचे नमूद आहे.' हे काही अभ्यास कुणाचे?"

ताई खाली मान घालून म्हणाली, "सर, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत बाकीच्यांसाठी. उद्या कुणीतरी पोरगं हे वाचेल. चूक कुठं झाली, कुणाच्या कामात झाली, ते त्याला नेमकं सापडायला हवं. नाहीतर तोही माझ्या लाटेवर वर्षं घालवून बसेल. माझं नाव घाल. साल घाल, पान घाल."

"मी नाही लिहू शकणार, सर."

सर धाकटीकडे वळले. "टाइप तू करतेस ना? बस मग. ही काही करायची नाही."

ते खुर्चीवरून उठले आणि धाकटी बसली. कोरे कागद, मध्ये कार्बन, सगळं नीट जुळवून तिनं मशीनमध्ये चढवलं. सर तिच्या पाठीमागे उभे राहून सांगायला लागले. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मग साल. आवाज अगदी वर्गातल्यासारखा सरळ. न बघता टाइप करणारी धाकटी, तिला त्या दिवशी मशीनवरची अक्षरंही धड दिसेनात. सरांच्या नावातच अक्षर चुकलं.

"राहू दे सर," ती म्हणाली. "एवढ्यानं काय बिघडतं? समजतंय की."

"नाही बाळ," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचं खोडरबर उचलून तिच्या हातात दिलं. "खोड, सगळ्या प्रतींवर खोड, आणि नीट घाल. या लाटेसाठी लोकांनी माझं नाव इतकी वर्षं अगदी बरोबर लिहिलं. आता ते चुकीचं नको."